टाकून दिलेला ससा घरी आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात राहते. लोकांनी सोडून दिलेले ससे काही दिवस घरात ठेवायचे, बरे करायचे आणि चांगल्या घरी पाठवायचे, हा उद्योग आम्ही तीन-चार जणी करतो. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस इथे सापडणार नाही, पण डॉक्टरकडे कधी पळायचं ते नक्की सापडेल.

टेकडीवर पांढरा ससा दिसला. रानातलाच असेल ना?

नाही. आपल्या रानातला ससा मातकट तपकिरी असतो, पाय लांब, मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा. तो बीळ करत नाही, गवतात अंग दडवून बसतो. दुकानात मिळणारे पांढरे, काळे, ठिपक्यांचे ससे म्हणजे युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाची माणसाळलेली औलाद. ही प्रजातच वेगळी. एकाची दुसऱ्याशी जोडीही जमत नाही.

तेव्हा "आम्ही त्याला निसर्गात सोडला" असं कुणी म्हणालं की मला काय बोलावं सुचत नाही. लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र प्राणी मार्च महिन्यातल्या वाळक्या गवतात सोडणं म्हणजे घारीला आणि भटक्या कुत्र्यांना पान वाढून ठेवणं. मराठीत ससेहोलपट हा शब्द उगाच नाही आला.

आणि खरंच रानसशाचं पिल्लू सापडलं तर?

उचलू नका. आई दिवसभर मुद्दाम लांब राहते आणि अंधार पडल्यावर दूध पाजायला येते. एकटं दिसलं म्हणजे ते पोरकं नव्हे. रानससा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, घरात पाळता येत नाही. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पळतोय, हाती लागत नाही. पकडू कसा?

पाठलाग करू नका. दमून आणि घाबरून ससा जागच्या जागी मरू शकतो. दोन-तीन माणसं लांबून अर्धगोल करून हळूहळू भिंतीकडे या, एक आडवं खोकं कोथिंबिरीसकट ठेवा. खोक्याचा अंधार त्याला आवडतो, बहुतेक वेळा आपणहून शिरतो. उचलायची वेळ आलीच तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली आणि अंग आपल्या पोटाशी धरून. कान धरून कधीही उचलू नका. मागचे पाय मोकळे राहिले तर तो अशी लाथ झाडतो की त्याचाच कणा मोडतो. जादूच्या प्रयोगात बघितलेलं विसरा.

घरी आणला. पहिल्या रात्री काय करायचं?

फारसं काही नाही, हेच तर लोकांना जमत नाही. एक शांत खोली, खाली जुनं सुती चादरीचं कापड, लपायला खोकं, पसरट वाडग्यात पाणी आणि मूठ-दोन मूठ गवत. शेजारच्या मुलांना बघायला बोलवू नका, फोटोसेशन नको, मांडीवर घेणं नको. घरात आधीचा ससा असेल तर नवा दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत, आणि हात धुतल्याशिवाय एकाकडून दुसऱ्याकडे जायचं नाही.

झोपण्याआधी जमिनीवर किती लेंड्या आहेत ते बघून ठेवा. सकाळी परत बघा.

लेंड्यांचं एवढं काय?

सगळं त्यातच आहे. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखतंय हे दाखवलं तर आपण आधी उचलले जाऊ, हे त्याच्या रक्तात आहे. तो कण्हत नाही, लंगडत नाही, कोपऱ्यात नुसता बसतो, आणि आपण म्हणतो, "किती शहाणा आहे!" तो आजारी आहे हे तुम्हाला लेंड्या सांगतील.

निरोगी सशाच्या लेंड्या वाटाण्यापेक्षा जराशा लहान, गोल, सगळ्या जवळपास एका मापाच्या. बोटात चुरडली तर आत गवताचा भुसा दिसतो, वास जवळजवळ नाहीच. दिवसाला शंभराच्या वर सहज. त्या बारीक होऊ लागल्या, मोहरीसारख्या झाल्या, केसांच्या धाग्यात माळेसारख्या ओवलेल्या आल्या, तर गवत कमी पडतंय किंवा आतडं मंदावलंय. आणि बंद झाल्या, ससा खातही नाही, तर ते संकट आहे. सशाचं आतडं सतत चालत राहावं लागतं. ते थांबलं की गॅस धरतो, पोट टम्म होतं, आणि ससा ओकू शकत नाही, त्यामुळे सुटकेचा तो मार्गही नाही. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही तर सकाळची वाट बघू नका. ओवा, हिंग, जिरेपूड यांवर वेळ घालवू नका. एका आजींनी प्रेमाने ग्राइप वॉटर पाजलं होतं, त्यात चार तास गेले. तो ससा वाचला, पण थोडक्यात.

आता एक किळसवाणं वाटेल असं. कधी कधी द्राक्षाच्या घोसासारख्या, चकचकीत, मऊ, वासाच्या गोळ्या दिसतील. ते जुलाब नाहीत. ससा त्या थेट ढुंगणाशी तोंड नेऊन खातो, कारण गवतातलं सत्त्व त्याला दुसऱ्या फेरीत मिळतं. गायीचं रवंथ जसं, तसंच, फक्त रस्ता वेगळा. त्या बऱ्याच पडून राहायला लागल्या तर तो जाड झालाय किंवा खुराक जास्त होतोय.

लघवी लाल आली! रक्त आहे का?

बहुधा नाही. खाल्लेल्या पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे सशाची लघवी पिवळी, केशरी, अगदी विटकरी लालही होते आणि दोन दिवसांत पूर्ववत होते. पांढुरकी गढूळ असणंही चालतं, जादाचं कॅल्शियम तो तसंच बाहेर टाकतो. मात्र लघवी करताना ताण देत असेल, जाड पेस्टसारखी येत असेल किंवा लालीचे वेगळे ठिपके-गाठी दिसत असतील तर तपासून घ्या. मादी असेल तर आणखी लवकर.

खायला काय?

गवत. मग गवत. मग परत गवत. आहाराचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग वाळलेलं किंवा ताजं गवत हवं. सशाला २८ दात असतात आणि ते आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला २-३ मिलिमीटर. झिजतात ते तासन् तास गवत चावूनच. पोळी, भात, बिस्किटावर वाढलेल्या सशाच्या दाढांना टोकं येतात, ती गालाला-जिभेला टोचतात, आणि तो भुकेला असून तोंड लावत नाही.

शहरात बाहेरून आलेलं टिमोथी गवत पाकिटात मिळतं. चांगलं असतं, महाग असतं. हरळी, म्हणजे दूर्वा, उत्तम. मारवेलही चालतं. गावाकडे ओळख असेल तर कापून सावलीत वाळवून आणा, फवारणी केलेलं नाही याची खात्री करून. गणपतीत मिळणाऱ्या दूर्वांच्या जुड्या दोन पाण्यांनी धुवा, त्या कुठल्या नाल्याकाठच्या आहेत सांगता येत नाही. हापूसच्या पेटीतला भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण त्यात पोषण नाही. कोवळी ज्वारी गुरांनाही बाधते, सशाला देऊच नका.

लसूणघास या नावाने गोंधळ होतो. तो लसूण नव्हे, द्विदल चारा आहे. प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर, म्हणून सहा महिन्यांखालच्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला चांगला. मोठ्या सशाला रोज दिलात तर मूत्राशयात गाळ साचतो.

रोज पालेभाजी: कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, तुळस, तुतीची पानं. मेथी थोडी. पालक आठवड्यातून एखाद्या वेळी. सोडून दिलेल्या सशाने आजवर काय खाल्लंय ते माहीत नसतं, म्हणून पहिला आठवडा नुसतं गवत, मग एका वेळी एकच नवीन पाला, थोडाथोडा. सशाच्या गोळीखाद्याचं माप वजनाच्या किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत. रंगीबेरंगी दाणे मिसळलेलं पाकीट दुकानातच ठेवा.

नको ते: कांदा, लसूण, बटाटा, अळू, भिजवलेली कडधान्यं, शेव-फरसाण, दूध, चॉकलेट. घरातल्या कुंड्याही बघा. कण्हेर, घाणेरी, मनीप्लांट त्याच्या तोंडापर्यंत येऊ देऊ नका.

आणि गाजर?

गाजरात साखर असते. आठवड्यातून दोन-तीनदा अंगठ्याएवढा तुकडा, बास. चित्रातल्या सशाला पोट नसतं.

कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?

कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर सशांत मुरलेला असतोच असं नाही. फोन करून सरळ विचारा: ससे नियमित बघता का? सशाची नसबंदी केली आहे का? मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, आपण सगळे ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो ते. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथे चौकशी करा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रोज गायी-म्हशी येत असल्या तरी खरूज, जखम, वजन एवढं तिथेही होतं.

पहिल्या भेटीत दात, कान, तळपाय, पोट, लिंग आणि वजन. वजन वहीत लिहून ठेवा. नंतर घरच्या काट्यावर आठवड्याला एकदा करत जा.

खरूज दिसतेय. कुत्र्याचं औषध आहे घरात, लावू?

थांबा. टाकून दिलेल्या सशांत खरूज फार बघतो आम्ही. नाकाच्या शेंड्यावर, पंज्यांवर, कानाच्या कडेला पांढरट खपल्या, किंवा कानात तपकिरी पापुद्र्यांचा थर. खपल्या ओढून काढू नका, खाली कच्ची कातडी असते. डॉक्टरच्या औषधाने दोन-तीन आठवड्यांत सुरेख बरं होतं.

पण दोन गोष्टी कागदावर लिहून फ्रिजवर लावा. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारं फिप्रोनिल सशाला लावायचं नाही, त्याने ससे दगावतात. आणि अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन तोंडावाटे द्यायचं नाही. माणसाचं साधं अँटिबायोटिक सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि मागोमाग ससाही जातो. कुणी चिठ्ठीवर लिहून दिलं तरी नम्रपणे परत विचारा. मी एकदा विचारलं नव्हतं.

नर आहे की मादी? दुकानदाराने नर सांगितलं होतं.

दुकानदाराने आम्हालाही सांगितलं होतं. म्हणजे ज्या घरातून ससा आला त्यांना सांगितलं, त्यांनी आम्हाला. नाव ठेवलं बाळ्या. आठव्या दिवशी बाळ्या तोंडात गवताची मिशी घेऊन खोलीभर फिरायला लागला, छातीचे केस उपटून कोपऱ्यात गादी केली, आणि पहाटे त्या गादीत सात पिल्लं वळवळत होती.

लहान वयात भलेभले चुकतात. म्हणून मादी सापडली की ती गाभण आहे असंच धरून चाला आणि ३१-३२ दिवस वाट बघा. पिल्लं झालीच तर घाबरू नका. आई दिवसातून एकदा-दोनदाच पाजते, तेही काही मिनिटं, बाकी वेळ तिकडे फिरकत नाही. सकाळी पिल्लांची पोटं गोल दिसली म्हणजे सगळं ठीक. आणि नराला त्या खोलीत येऊ देऊ नका, विणीच्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते.

नसबंदी खरंच करायला हवी? एकटाच तर आहे.

मादी एकटी असली तरी हवी. वय वाढेल तसं न केलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात आढळतो. नर जागोजागी मूत्र फवारतो आणि चिडका होतो, त्यालाही आराम पडतो. साधारण चार ते सहा महिन्यांचा झाला की करता येते. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं. कुणी रात्रभर उपाशी ठेवा म्हणालं तर दुसरा डॉक्टर शोधा. नसबंदीनंतरही नरामुळे महिना-दीड महिना मादी गाभण राहू शकते, तेवढा काळ जोडी वेगळी.

पिंजरा केवढा घेऊ?

शक्यतो घेऊच नका. बाळाला खेळायला ठेवतात तसं जाळीचं घडीचं कुंपण मिळतं, ते लावा. तीन-चार उड्या सरळ मारता याव्यात आणि मागच्या पायांवर ताठ उभं राहता यावं, एवढी जागा. तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात सशाचे तळपाय सोलवटतात, कारण त्याला मांजरासारखी गादी नसते. गुळगुळीत फरशीवर घसरतो, तिथे सतरंजी टाका.

वायरी लपवा. सशाला मोबाइलचा चार्जर म्हणजे एक मुळी वाटते आणि तो ती मुळी कापतोच.

एका कोपऱ्यात ट्रे, त्यात कागद आणि वर गवत ठेवलं की ससा तिथेच बसून खातो आणि तिथेच करतो. नसबंदीनंतर हे चटकन जमतं.

अंघोळ कधी घालायची?

कधीच नाही. भिजला की गारठतो आणि भीतीने गळपटतो. बुड माखलं असेल तर तेवढंच ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.

उन्हाळ्यात कसं करायचं?

सशाला घाम येत नाही, उष्णता टाकतो ती मुख्यतः कानांवाटे. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि विदर्भ-मराठवाड्यात तर एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडते. बाल्कनी, गच्ची, पत्र्याखालची खोली बाद. शहाबादी फरशीचा तुकडा रात्रभर गार करून ठेवा, तो स्वतःच पोट टेकवून त्यावर पसरतो. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी. फुटक्या माठाचं खापर आडवं ठेवलं तर झकास गुहा होते. तोंड उघडून धापा टाकत असेल, कान तापले असतील, अंग लुळं पडलं असेल तर साध्या पाण्याने कान ओले करा आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

पावसाळ्यातला त्रास वेगळा. गवताला बुरशी धरते, वास कुबट आला की टाकून द्या. माश्या असतात, आणि बुड ओलं-घाण राहिलं तर त्या तिथे अंडी घालतात. एका दिवसात अळ्या पडतात. जून ते सप्टेंबर रोज दोनदा शेपटीखाली बघायचं, कंटाळा करायचा नाही.

दिवाळीत फटाके आणि विसर्जनाला ढोल-ताशे. पाठीवर पान पडलं म्हणून आभाळ कोसळलं समजून पळत सुटणारा ससा गोष्टीत हसवतो. घरात तो भिंतीवर आपटतो. आतली खोली, खिडक्या बंद, पंखा चालू, जाड खोकं आणि भरपूर गवत.

मुलांना हवा आहे. मुलीचा वाढदिवस आहे.

मग नको. ससा आठ ते दहा वर्षं जगतो, कधी बाराही. आज सात वर्षांची मुलगी तोपर्यंत कॉलेजात जाईल. काम तुम्हीच करणार आहात, तेव्हा तुम्हाला हवा आहे का ते सांगा. बहुतेक सशांना उचलून घेतलेलं आवडत नाही. मुलांनी जमिनीवर बसायचं, हात खाली ठेवायचा, तो येईल तेव्हा येईल. आणि उताणा पाडल्यावर ससा निपचित पडतो तो लाडात येऊन नव्हे, भीतीने गोठून.

चावला किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. सशाच्या चाव्याला रेबीजची लस क्वचितच लागते, पण ते त्यांना ठरवू द्या.

एकटा कंटाळेल का? दुसरा आणू?

ससा कळपातला प्राणी, जोडी असलेली बरी. पण दोघांची नसबंदी आधी, भेट नंतर. एकदम एकत्र सोडले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. आठवडे लागतात. अंग चाटायला लागले की समजा सोयरीक जमली.

ससे सोडून देणं गुन्हा नाही का?

आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा ठिकाणी प्राणी टाकणं बसतं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. श्रावणात कोथिंबिरीची जुडीही कधी कधी त्याहून महाग असते. २०१८च्या नियमांनुसार प्राणी विकणाऱ्या दुकानांना राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दुकानात नोंदणीचा कागद मागून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात.

आणला, पण खरंच जमत नाहीये. मग?

सांगा. आम्ही रागावत नाही, निदान फोनवर तरी नाही. बदली होते, घरात दमा निघतो, बाळ होतं. टेकडीवर, देवळामागे किंवा उद्यानात सोडण्यापेक्षा फोन करणं हजारपटीने बरं. नवं घर मिळेपर्यंत महिना-दोन महिने धरा, लगेच मिळत नाही. फुकट नेतो म्हणणाऱ्याच्या घरी आधी जाऊन या, ससा खाणारेही असतात.

देताना तो वापरत असलेलं कापड न धुता द्या, म्हणजे नव्या जागी ओळखीचा वास राहील. त्याच गवताची अर्धी पिशवी, वजनाची वही, डॉक्टरचे कागद. आणि नर की मादी हे एकदा नीट तपासून.